शून्य धक्क्याचं पिस्तूल

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली रिसोड-केनवडच्या टापूतल्या एका पोलीस ठाण्यात एक पिस्तूल होतं. ठाण्याचं नाव छापण्याची लेखी परवानगी अजून आलेली नाही, म्हणून ते इथं दिलेलं नाही. पिस्तूल अर्धस्वयंचलित होतं. ठाणं त्याहून बरंच कमी.

पिस्तुलाची देखभाल हवालदार देवमन पडघान यांच्याकडे होती. घराण्यातले ते पहिले सरकारी नोकर. त्यामुळे नोकरीला ते तळहातावरच्या फोडासारखं जपत, आणि पिस्तुलाला त्याहून जास्त. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, झपकन मागं धावतो, सांगाड्यावर आदळतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढची गोळी घेऊन जागेवर येतो. दरवर्षीच्या सरावानंतर देवमन पिस्तूल उघडत, आणि पोलादावर पोलाद आपटून पडलेला वण पाहून हळहळत. त्या वर्षी वणाशेजारी केसाएवढी चीर दिसली.

त्यांनी जुन्या चपलेच्या टाचेतून दोन मिलिमीटर जाडीची चकती कापली, मधोमध भोक पाडलं आणि ती स्प्रिंगच्या दांडीत मागच्या टोकाला ओवली. बस्स.

दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या सरावात माणिकराव फौजदारांनी सहा गोळ्या झाडल्या. आजवर त्यांच्या गोळ्या लक्ष्य सोडून आजूबाजूच्या तुरीत जात. त्या दिवशी चार लक्ष्यावर लागल्या.

"पडघान, आज हाताले धक्काच नाई! काय केलं तुमी?"

"काई नाई सायेब. रबराची चकती टाकली. आता लोखंड लोखंडावर आदळून नाई राह्यलं."

"हे तर वर कळवा लागते!"

सोळा वर्षांच्या नोकरीत वर कळवलेली चांगली गोष्ट चांगलीच राहिल्याचं देवमननी एकदाही पाहिलं नव्हतं.

'धक्काशोषक रबरी चकती, संशोधक: फौजदार माणिकराव' या विषयाचा अहवाल वर गेला. चार महिन्यांनी विचारणा आली की, सदर चकती शस्त्रात मोडते की पादत्राणात? दोन्हींची टेबलं वेगळी होती. आणखी तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ती 'शस्त्रांतर्गत पादत्राण' ठरली, आणि तिची जाडी निश्चित करायला तीन सदस्यांची समिती जीपमधून आली.

"दोन मिलिमीटरनं धक्का निम्मा होतो," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे चार मिलिमीटरनं तो संपूर्ण जाईल."

दुसऱ्या सदस्यानं सुरक्षिततेसाठी सहा सुचवले. तिसरे सदस्य सकाळपासून काहीच बोलले नव्हते. प्रवासभत्त्याला जागायचं म्हणून ते म्हणाले, "आठ."

देवमन दाराशी उभे होते. न राहवून ते पुढं झाले. "सायेब, इतक्या जाड रबरानं स्लाइड पुरी मागं नाई जात. मंग दुसरी गोळी चढन कशी?"

"पहिली नीट लागली तर दुसरी कशाला हवी?" अध्यक्ष म्हणाले.

"पहिलीबी नाई चढनार, सायेब. तेबी स्लाइड ओढूनच चढते."

अध्यक्षांनी टिपून घेतलं, 'हवालदाराची वृत्ती नकारात्मक.'

आठ मिलिमीटरची चकती बसली. मंजूर भागाला कोणी हात लावू नये म्हणून पिस्तुलाच्या सांध्यावर लाखेचं सील पडलं. लगेच चाचणी झाली. धक्का शून्य, आवाज शून्य, काडतुसांची बचत शंभर टक्के. समितीच्या सदस्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. महिन्याभरात परिपत्रक निघालं, की ही चकती सर्व हत्यारांना बसवावी. हत्यारांच्या यादीत लाठी होती. लाठ्यांनाही चकत्या बसल्या.

मार्चात कस्तुराबाई ठाण्यात आली. नदीकाठी तिचा भाजीचा मळा होता. "सायेब, पिसाळलेलं डुक्कर शिरलं वांग्यात. नथ्थूच्या बैलाचं पोट फाडलं त्यानं. आता मानसावर येऊन राह्यलं."

माणिकराव निघाले. पंचवीस-तीस माणसं मागं निघाली. देवमनच्या खिशात पेचकस होता. पाच मिनिटांत चकती काढता आली असती. पण सील फोडलं तर नोकरी जाणार, आणि नाही फोडलं तर कोणाचा तरी जीव. वाटभर ते खिशातला पेचकस चाचपत राहिले.

डुक्कर दिसताच माणिकरावांनी स्लाइड ओढली. ती अर्ध्यात अडली. पुन्हा ओढली. पुन्हा अडली.

"सायेब, इकडं द्या, रबर काढतो!"

"पंचनाम्याशिवाय सील फोडता येत नाई!" असं म्हणत माणिकराव कडुलिंबावर चढले. त्यांना झाडावर चढता येतं हे त्या दिवशी प्रथमच उजेडात आलं.

डुक्कर उरलेल्या खाकी कपड्यांकडे वळलं. देवमननी लाठी हाणली. लाठीच्या टोकाला मंजूर चकती होती. लाठी डुकराच्या पाठीवरून चेंडूसारखी उसळली. पुढच्या क्षणी देवमनची मांडी वीतभर फाटली होती. तेवढ्यात कस्तुराबाईनं रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि कोयत्याच्या मुठीनं बडवत ती थेट डुकराच्या अंगावर धावली. त्या गदारोळानं डुक्कर बिथरलं आणि नदीपार पळालं.

पंचनामा झाडाखालीच झाला. माणिकराव वरून सांगत होते. 'फौजदारांनी प्रसंगावधान राखून शून्य धक्क्याच्या पिस्तुलाचा प्रभावी वापर केला. श्वापद घाबरून पळाले.' खाली सतरा जणांनी सह्या केल्या, अंगठे दिले.

देवमनना नोटीस आली, की आपण आपली मांडी श्वापदाच्या संपर्कात का येऊ दिली? ती घेऊन ते लंगडत कस्तुराबाईच्या मळ्यात गेले.

"बाई, तुमाले त वाचता येते. काहून सही केली?"

ती वांगी तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडघानभाऊ, मले याच गावात राहा लागते. उद्या ठान्यात काम पडलं त कोनापाशी जाऊ? आन् तुमी नोटिशीत काय लिवून देनार आहा? रबराचं?"

देवमननी नोटिशीची घडी करून खिशात घातली. मग घरी जाऊन त्यांनी उत्तर लिहिलं, 'मांडी अनवधानाने मध्ये आली. क्षमस्व.' त्याआधी रागानं दोन कागद फाडले होते. अक्षर मात्र वळणदार आलं. नोटीस मागं घेतली गेली.

पुढं माणिकरावांचा जाहीर सत्कार झाला. टाळ्या थांबेनात. त्या समारंभाचा फोटो ठाण्यात अजून आहे. माणिकराव हारात बुडालेले आहेत, देवमन कडेला काठी टेकून आहेत, आणि समोर टाळ्या वाजवणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकांची रांग आहे. कधी तिकडं गेलात तर त्या रांगेतला डावीकडून तिसरा चेहरा नीट पाहा. गृहस्थ सुशिक्षित दिसतात, सरकारी कारभारावरच्या कथा वाचून पोट धरून हसणाऱ्यांपैकी. रोज दाढी करताना तो चेहरा तुम्ही पाहतच असाल.