ड्रॉवरमधला हात

सासऱ्यांचा हात ड्रॉवरमध्ये अडकला, तेव्हा प्रदर्शनवाल्या बाई जिना चढत होत्या.

तसा सगळा दोष चित्राचा. उघड्या ड्रॉवरमधून एक हात बाहेर येतो आणि चहाचा कप पुढे करतो, असं स्वप्नात दिसावं तसलं चित्र जावयाने काढलं होतं. बाईंना ते भलतंच आवडलं. "पण चित्रं पुष्कळ झालीत हो. हेच शिल्पात करून दाखवा, शेवटची जागा तुमची!" आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन! जावई हवेत तरंगू लागला. शिल्पातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हात मात्र घरचाच मिळाला. सासरे शिंपी, आयुष्यभर काजं-बटणं करून नुकतेच निवृत्त झालेले. जावयाच्या चित्रांना ते 'कापड वाया घालवणं' म्हणत. पण कलेला आपली बोटं हवीत म्हटल्यावर विरघळले. कपाटाची मागची फळी काढली, ड्रॉवरच्या पाठीला भोक पाडलं. सासरे कपाटामागे स्टुलावर बसले, हात भोकातून पुढे आला आणि जावयाने मनगटाभोवती प्लास्टर ओतलं. आधी हाताला तेल चोपडायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. चित्रातला हात रंगवला की काम संपतं. तो कुणाला परत द्यावा लागत नाही.

"जावईबापू, हात निघत नाही हो!"

"जरा हिसका द्या, बाबा."

"हिसका काय हिसका! केस उपटतायत!"

"अहो, हातोडी आणा," बायको म्हणाली. ती फोटोग्राफर, शिल्पाचे फोटो काढायला कॅमेरा गळ्यात अडकवून तयार होती. तेवढ्यात बेल वाजली.

"बाबा, बाई जाईपर्यंत हलू नका. माझी लाज तुमच्या हातात!" जावयाने उरलेलं प्लास्टर बोटांना फासलं, त्यांत कप अडकवला आणि सासऱ्यांवर चादर टाकली.

बाईंनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं.

"ड्रॉवर छान. कपही ठीक. हात मात्र पार फसलाय."

"फसलाय?"

"माणसाचा वाटतच नाही. अगदी निर्जीव! असल्या बोटांना साधी सुई तरी धरता येईल का?"

कप थरथरला.

"साधी सुई?" चादर कडाडली. "अर्ध्या गावाच्या लग्नाचे कोट शिवलेत या बोटांनी!"

सासरे ताडकन उठले. ड्रॉवर मागच्या मागे कपाटातून सुटला. डोक्यावर चादर, मनगटाला ड्रॉवर आणि हातात कप अशा थाटात ते बाईंवर चालून आले. बाई किंचाळल्या. बायकोचं बोट सवयीने दाबलं गेलं. क्लिक!

मग हातोडी आली. हात सुटला, मनगटावरचे केस प्लास्टरमध्येच राहिले. बाई पाणी पिऊन सावरल्या आणि कॅमेऱ्यात डोकावल्या.

"चित्रात हात बाहेर आला, शिल्पात अडकला, फोटोत थेट अंगावर आला," त्या म्हणाल्या. "शेवटची जागा या फोटोला!"

जावयाचं तोंड एवढंसं झालं. बायकोने फोटोखाली त्याचंही नाव घातलं, तेव्हा कुठे तो जेवला.

प्रदर्शनात सासरे नवा कोट घालून फोटोशेजारी उभे राहिले आणि येईल त्याला पंजा दाखवू लागले. "हाच तो हात!"

एका आजीबाईंनी पंजा पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा पंजा पाहिला.

"छे," त्या म्हणाल्या. "फोटोतला खरा वाटतो."

सासऱ्यांनी हात मुकाट्याने खिशात घातला.