कपड्यांसकट उडी

ललित विधाते मिरचीच्या रोपांवर झारीने पाणी घालत होता, तेव्हा त्याच्या खिशातला मोबाईल लागोपाठ चौदा वेळा थरथरला. मखमलाबाद रोडवरच्या त्याच्या रोपवाटिकेत सकाळी नऊला मोबाईल वाजला, तर तो वणीकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा असे, आणि टोमॅटोची रोपं अजून का आली नाहीत हे विचारण्यासाठी असे. पण ही वेगळीच बातमी होती. ब्लेडमंक नव्या कन्सोलवर येणार होता.

ब्लेडमंक हा गेम. दोन तलवारी घेतलेला एक टकला भिक्षू राक्षसांच्या तावडीतून देवळं सोडवत जातो, एवढीच त्याची गोष्ट. चौदा वर्षांपूर्वी तो हातात धरून खेळायच्या एका छोट्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, आला. पुढे ते यंत्र बनणंच बंद झालं आणि गेम त्यात अडकून राहिला. तरी नाशिक आणि आसपासची बावीस माणसं ती जुनी यंत्रं सांभाळून होती. कोणी बॅटरी बदलून, कोणी सैल झालेल्या बटणाखाली कागदाची घडी सारून. या बावीस जणांचा मोबाईलवर एक ग्रुप होता आणि त्यात ललितच्या शब्दाला वजन होतं. कारण गेममधला सगळ्यात अवघड टप्पा, पाण्याखाली बुडालेलं देऊळ, तो एकदाही न मरता पार करत असे. दुसऱ्या कोणाला ते जमलं नव्हतं.

ललितने जाहिरातीची चित्रफीत पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. मग लासलगावच्या जयरामने ग्रुपवर एक जुना फोटो टाकला आणि त्याच्या हातातली झारी तशीच राहिली. मिरचीचा एक अख्खा ट्रे बुडाला.

फोटो त्याच्याच नऊ वर्षांपूर्वीच्या मजकुराचा होता. ‘ब्लेडमंक कधीच नव्या कन्सोलवर येणार नाही. आलाच, तर त्या दिवशी मी रामकुंडात कपड्यांसकट उडी मारीन. शब्द आहे.’

खाली जयरामने लिहिलं होतं, “अठ्ठावीस तारीख. शुक्रवार. मी दांडी मारून येतोय.”

आता ही गोष्ट ग्रुपमधल्या कोणालाच ठाऊक नव्हती, की ललित पाण्याला भीत असे. साधंसुधं नव्हे. सहा वर्षांचा असताना तो घरामागच्या पाटात पडला होता आणि आत्याने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून तो डोक्यावर तांब्या ओततानाही डोळे उघडे ठेवी. पंचवटीत जाताना पुलावर गाडी कठड्यापासून जमेल तेवढी लांब ठेवी. रामकुंड घरापासून वीस मिनिटांवर, पण गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, काही कार्य असलं की तो वरच्या पायरीवर चपला सांभाळत उभा राहायचा. कुंड किती खोल आहे हे त्याला माहीत नव्हतं. लहानपणी कोणीतरी चार पुरुष, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, सांगितलं होतं, आणि त्याने ते कधी तपासायला घेतलं नव्हतं.

दुपारी त्याने पहिला मार्ग काढला. हा पोर्ट नाहीच, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. चित्रं नवीन, आवाज नवीन, म्हणजे हा वेगळाच गेम झाला आणि माझा शब्द जुन्या गेमपुरता होता. ग्रुपमधली आरोही जिल्हा न्यायालयात वकिली करत असे आणि दोन तारखांच्या मधल्या वेळात ब्लेडमंक खेळत असे. तिने कंपनीचं पत्रक मागवलं, वाचलं आणि संध्याकाळपर्यंत निकाल दिला. जुन्या यंत्रावरचा गेम नव्या यंत्रावर चालेल असा करून देणं म्हणजे पोर्ट. पत्रकात तो शब्द तीनदा आहे. हरकत फेटाळण्यात येत आहे.

ललितला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसरा मार्ग जास्त धोक्याचा निघाला. त्याने ती चित्रफीत तीस-चाळीस वेळा पाहिली आणि चुका शोधून काढल्या. भिक्षूच्या वस्त्राचा रंग भगव्याऐवजी विटकरी झाला होता. वार चुकवायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं होतं. बुडालेल्या देवळातला घंटेचा आवाज तर काढूनच टाकला होता. त्याने यावर पानभर लिहिलं आणि शेवटी म्हटलं, की खऱ्या चाहत्याने या गेमवर बहिष्कार घालावा. आपण त्याच्या येण्याला मान्यताच दिली नाही, तर तो आला असं कसं म्हणणार, असा त्याचा हिशोब होता.

ग्रुप उभा फुटला. अर्धे म्हणाले, ललितभाऊ बोलले ते खरं आहे, बटण हलवणं म्हणजे जिवाशी खेळ. अर्धे म्हणाले, चौदा वर्षं वाट पाहिल्यावर वस्त्राचा रंग कसला बघता. भांडण नाशिकबाहेर गेलं. पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे चाहते त्यात उतरले. चौथ्या दिवशी गेमांवर बोलणाऱ्या एका प्रसिद्ध मुलीने आपल्या चॅनलवर बहिष्काराची बातमी दिली आणि शेवटी सहज म्हणाली, की या बहिष्काराच्या नेत्याने पूर्वी एक शब्द दिला होता म्हणे. पुढे तिने तो फोटो दाखवला. ललितला आतापर्यंत बावीस माणसांची भीती वाटत होती. आता कोणीतरी मोजून सांगितलं, की सत्तर हजारांनी पाहिलंय. इंदूरहून एक गाडी निघणार असल्याचंही कळलं.

मग राहिली फक्त गंगामाई. ऑगस्ट महिना होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंड दिसेनासं होतं, कुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं आणि पोलीस दोरी बांधून कोणाला खाली जाऊ देत नाहीत. ललित रोज उठल्या उठल्या धरणातला साठा बघू लागला. शंभर पावलांवरून पाट दिसला तरी जो वाट बदलत असे, तो आता देवापुढे हात जोडून पूर मागत होता. सव्वीस तारखेला विसर्ग वाढवल्याची बातमी आली, तेव्हा त्याने घरी पेढे आणले.

त्याची बायको तेजल पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. रक्त काढताना माणूस का घाबरतो आणि कधी खोटं बोलतो, हे तिला चेहऱ्यावरून कळत असे.

“पेढे कशाचे?” तिने विचारलं.

“पाणी सोडलं ना.”

“तू आठवडाभर जेवत नाहीस, झोपेत ‘दोरी, दोरी’ म्हणतोस, आणि पाणी सोडलं म्हणून पेढे आणतोस. काय झालंय ते सांग.”

त्याने सांगितलं. सगळंच सांगितलं, पाटासकट. गणपतीपुळ्याला लग्नानंतर तो समुद्रात उतरला नव्हता, त्याला कारण खारं पाणी अंगाला सोसत नाही हे नव्हतं, हेही सांगितलं. तेजलने पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, की त्या लोकांना सरळ सांगून टाक, मला भीती वाटते.

“त्यांच्यात मी एकटाच आहे जो त्या बुडालेल्या देवळातून जिवंत येतो,” ललित म्हणाला. “त्यांना काय सांगू, की मला बादलीची भीती वाटते?”

सत्तावीस तारखेला सकाळी विसर्ग बंद झाला. दुपारपर्यंत मारुतीचे गुडघे दिसले, संध्याकाळी पावलंही. तेजलने मग फार चर्चा केली नाही. तिने रोपवाटिकेतला सिमेंटचा हौद अर्धा भरला आणि नवऱ्याला कपड्यांसकट आत बसायला लावलं. ललित हौदाची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, दातांवर दात आवळून बसला होता, नेमकी तेव्हाच त्याची आई शकुबाई कढीपत्ता तोडायला आली.

“ह्याला काय झालं?” ती सुनेला म्हणाली.

तेजलने वेळ मारून नेण्यासाठी सांगितलं, की ह्यांनी गंगेत उडी मारायचं बोललंय, त्याची सवय करतायत. शकुबाईचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“बोलला हाय ना? मग फेडावंच लागतंय. गंगेला बोललेलं ठेवत नसत्यात बाबा. कधी हाय?”

गेमचं नाव निघालंच नाही. रात्रीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं, की ललितने गंगामाईला नवस केला होता आणि तो उद्या साडेदहाला फेडायचा आहे. ललितला वाटत होतं, की ताप आल्याचं सांगून घरीच पडून राहावं. आता तोही रस्ता गेला. चाहत्यांना फसवता आलं असतं, पण आईने ओटीचं सामान आणून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी रामकुंडावर सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. एका बाजूला जरीच्या साड्या नेसलेल्या अकरा बायका, हातात आरतीची ताटं. दुसऱ्या बाजूला टकल्या भिक्षूचं चित्र छापलेल्या काळ्या बनियनमधली पोरं, इंदूरची गाडी, आणि खांद्यावर मोठा हार घेतलेला जयराम. दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने बघत होत्या. गेम बरोबर साडेदहाला सुरू होणार होता. राज नावाच्या मोबाईलवाल्याने नवा कन्सोल आणला होता, तो हातात धरूनही खेळता येत असे. आरोही कोर्टाच्या काळ्या कोटातच आली होती.

“भाऊ, घाबरला तर नाय ना?” जयरामने ललितच्या गळ्यात हार घातला. “लय तोंड उतरलंय तुझं.”

ललित पायऱ्या उतरू लागला. पुराने आणलेला गाळ पायऱ्यांवर होता आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. तळ दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं राहून खाली पाहिलं आणि त्याला पाट दिसला, आणि वर, खूप वर, आत्याचा हात. गुडघे आपोआप लटपटू लागले. मागे वळावं म्हणून त्याने मान फिरवली, तर आई हात जोडून उभी होती आणि तेजलच्या हातात टॉवेल होता. तेजल त्याला चल असंही म्हणत नव्हती आणि परत ये असंही म्हणत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि त्याच्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली दिसत होती.

त्याने नाक चिमटीत धरलं आणि उडी मारली.

पाणी कानावर आलं. काळोख झाला. पाय कुठे लागेनात, मग लागले. ललित धडपडत उभा राहिला आणि श्वास घेतला. त्याने डोळे उघडले. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. तो एक क्षण तसाच उभा राहिला. मग त्याने इकडेतिकडे बघून एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं. तळ सगळीकडे होता.

“मारली,” तो ओरडला. आवाज फाटला होता.

काठावर कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. बरोबर साडेदहा वाजले होते. काळे बनियनवाले सगळे राजभोवती गोळा होऊन कन्सोलवर वाकले होते, कोणी बटण डावीकडेच आहे म्हणून हळहळत होतं, कोणी घंटा ऐकू येते का बघत होतं. उडीचं चित्रीकरण करायला नेमलेला माणूस गेमचं चित्रीकरण करत होता. बायकांनी श्रद्धेने डोळे मिटले होते. तेजलनेही मिटले होते, पण भीतीने.

चाहते भानावर आले, तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली. इंदूरवाले म्हणाले, आम्ही चारशे किलोमीटर आलो, आम्ही काही पाहिलं नाही. जयराम सगळ्यांत पुढे होता. तो म्हणाला, की हा पायऱ्या उतरून आत गेला असेल, ह्याला उडी कशी म्हणायची, साक्षीदार कोण? पुन्हा मारू दे.

प्रश्न आरोहीकडे गेला. तिने सांगितलं, की साक्षीदार लागतो की नाही हे मूळ मजकुरावर ठरेल, फोटोवर नाही. तिने मोबाईल काढला आणि नऊ वर्षं मागे जात जात तो मजकूर शोधून काढला. तिने तो एकदा वाचला. मग चष्मा वर करून पुन्हा वाचला.

“जयराम,” ती म्हणाली, “तुम्ही टाकलेल्या फोटोत खालचा भाग कापला गेलाय.”

“असंल. काय हाय त्यात?”

“तुमचंच उत्तर आहे. ‘तू मारली तर तुझ्या मागं मी बी मारीन. मर्दाचा शब्द.’ त्यात साक्षीदाराची अट नाही.”

सगळ्यांनी जयरामकडे पाहिलं. कन्सोलवरचा भिक्षू मेला तर मेला, राजनेही मान वर केली. जयरामचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. त्याने सगळ्यांना सांगून पाहिलं, की ते गमतीत लिहिलं होतं, आणि आपल्याला दुपारी कांद्याच्या लिलावाला परत जायचंय. इंदूरवाल्यांनी मोबाईल सरळ केले. या वेळी सगळ्यांनी केले. शकुबाईने, कोणीतरी दुसराही नवस फेडतोय असं समजून, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

जयराम एकेक पायरी उतरत शेवटच्या कोरड्या पायरीवर आला. त्याचे गुडघे हलत होते. ललितला ते हलणं लगेच ओळखता आलं.

जयराम पायाखालच्या पाण्याकडेच बघत वाकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “भाऊ, खरं सांग. लय खोल हाय का?”

ललितने त्याच्याकडे पाहिलं. मग गढूळ पाण्यात त्याने हळूच गुडघे वाकवले. पाणी हनुवटीपर्यंत आल्यावर तो थांबला.

“चार पुरुष तरी असेल,” तो म्हणाला. “ये. मी धरतो.”