तुळशीरामकाकांचे दात

दात हलायला लागला की माणसाचं तोंड उतरतं. आमच्या शेजारच्या तुळशीरामकाकांचं उजळायचं. अंजनगावच्या बाजारात फुलं विकून झाली की ते दात काढणाऱ्यासमोर जाऊन बसत, हलणारा दात उपटून घेत आणि घरी येऊन अंगणात काढा उकळत. एका दाताला बाभळीची साल, दुसऱ्याला जाईचा पाला, पुढच्याला झेंडूचा रस.

मग गल्लीभर आ करून जखम दाखवत फिरायचे. माझी आई शेंगा फोडत बसलेली असली तरी तिची सुटका नसे. "दात कोनीबी काढून देते, मांगची जखम भरता आली पायजे," हे वाक्य दात कमी होत गेले तसं बोबडं झालं, पण थांबलं नाही. पुढे गालफडं पार आत गेली तेव्हा गल्ली म्हणाली, हा माणूस कामातून गेला. मीही म्हणालो.

त्याच सुमारास त्यांच्या बायकोची, अनसूयाकाकूंची, दाढ सुजली. नुसत्या पेजेवर होत्या, पण दवाखान्याचं नाव काढलं की खोलीत जाऊन कडी लावत. दात काढल्यावर रक्त थांबेना म्हणून त्यांची आई गेली होती. काका दाराबाहेर बसले आणि आपल्या एकेका जखमेची हकीकत पहिल्यापासून सांगू लागले. कुठल्याशा दाताला कडी निघाली.

दवाखान्यात मीही सोबत गेलो. दाढ काढल्यावर बाभळीच्या काढ्यात भिजवलेला कापसाचा बोळा दाबायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. तो माझ्या हाती देऊन काका मात्र बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. "तू पाह्यजो. मले नाई पाहवत."

रक्त थांबलं. मी बाहेर येऊन सांगितलं तर काका लहान मुलासारखे रडले. मलाही इतकं हायसं वाटलं की त्यांना कामातून गेलेलं म्हटल्याचंच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी काकूंची खबर घ्यायला गेलो. त्या काकांसाठी दुधात भाकर कुस्करत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "एवढे दात काढले तवा नाई भ्याले, अन् काल कावून रडले?"

काकांना प्रश्नच कळेना.

"ते माहे होते," ते म्हणाले.