मालकांच्या तळहाताला चिकटलेलं बँडेज

थर कसा टिकवायचा, हे मला कुणी शिकवू नये! चौतीस वर्षं मी लाकडी सामानाला पॉलिश करतोय. मी पॉलिश केलेली टेबलं लोकांच्या दोन पिढ्यांनी बडवली, तरी चमक गेली नाही. मग बोटावरचा नखाएवढा थर मला टिकवता येणार नाही?

तो थर माझ्या बायकोने लावला होता. डब्याच्या पत्र्याने माझं बोट कापलं, तेव्हा तिने ते धुतलं, पुसलं आणि बाटलीतलं पातळ बँडेज ब्रशने लावलं. नेलपॉलिशसारखं असतं ते. वाळलं की जखमेवर पारदर्शक पापुद्रा होतो. वाळेपर्यंत ती फुंकर घालत बसली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. चहा घेता घेता, बसल्या जागी.

तिच्या हातचं शेवटचं काम माझ्या बोटावर होतं. ते मी जाऊ देणार नव्हतो.

अंघोळ करताना उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायचो. जेवायचो डाव्या हाताने. चमचा कानात जायचाच काय तो बाकी होता! पुढे पुढे पिशवी दिवसभर हातावरच राहायला लागली. भेटायला येणारे आधी माझ्या तोंडाकडे बघत, मग पिशवीकडे. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर सरळ विचारलं, "कुठपर्यंत कापणार म्हणे?"

"कुणाला हात लावू देणार नाही!" मी ओरडलो.

झालं! मी हात कापून घ्यायला नकार देतोय, ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या कारखान्यात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर थराची कड उचकटलेली! पण मी हार मानणारा नाही. तीच बाटली काढली आणि वरून झकास दुसरा थर मारला. आता महिनाभर तरी चिंता नाही! तो वाळायच्या आत दारात कारखान्याचे मालक हजर. डोळ्यांत पाणी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अहो मिस्त्री, हात तर शाबूत आहे की!"

"सोडा, मालक! सोडा!"

"रडा, मिस्त्री! मनात ठेवू नका, रडा!" असं म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबला.

कसाबसा हात सोडवला. बोट कोरं! दोन्ही थर मालकांच्या तळहातावर. नवा थर खालच्या थराला मऊ करतो आणि ओला असताना पुसलं की दोन्ही निघतात. आमच्या लाखेच्या पॉलिशचंही तसंच असतं. नव्या कामगाराला मी पहिल्याच दिवशी हे सांगतो!

मालक मोरीकडे निघाले. मी आडवा आलो. "हात धुवायचा नाही!"

"अहो, चिकचिक होतंय!"

आवाज ऐकून लेक आतून आली आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना घेऊन आली. तोवर थर वाळला होता आणि मालक तो नखाने ओरबाडत होते.

"ओढू नका!" नर्सबाई आणि मी एकदमच ओरडलो. त्या मालकांच्या कातडीसाठी, मी थरासाठी.

"थिनर नाही का घरात?" मालक म्हणाले.

"थिनर लाकडाला लावा," नर्सबाई म्हणाल्या. "कोमट पाण्यात हात बुडवून बसा. मग तेल लावून हळूहळू चोळायचं. चिकटून राहिलं तर पुन्हा बुडवायचं. घाई करायची नाही."

दहा मिनिटं मालक घमेल्यात हात घालून बसले. मी शेजारी बशी घेऊन! मग नर्सबाईंनी तेलाचं बोट फिरवलं आणि थर सुटला. पण अखंड नाही, खोडरबराच्या कचऱ्यासारखा. बारीक बारीक सहा वळ्या. मी एकेक उचलून बशीत ठेवली.

नर्सबाईंनी माझं बोट उजेडात धरलं. "जखम कधीच भरलीय. याचं काम संपलं होतं, काका."

"बाबा, लावताना आई काय म्हणाली होती?" लेकीने विचारलं.

"खाजवू नका म्हणाली. आठ दिवसांत आपोआप पडेल."

लेक हसायला लागली. किती दिवसांनी हसली! मग तिथेच घमेल्याशेजारी बसून रडली.

मालकांनी हात पुसला. "मग उद्यापासून कामावर येताय ना?" बोट सगळ्यांनीच बघितलेलं. नाही कसं म्हणणार!

सगळे गेल्यावर बशी घेऊन खिडकीपाशी बसलो. चष्मा लावला. त्या सहा वळ्यांत तिचा थर कुठला आणि माझा कुठला, काही केल्या ओळखता येईना.

सहाच्या सहा ठेवल्यात. एखादी तरी तिची असेलच की!