राणीचा बूट चावतो

"साहेब, मान ताठ, नजर राणीच्या डोळ्यांत. हस्तांदोलन दोन सेकंद. आणि काहीही झालं तरी वाकायचं नाही," शिष्टाचार अधिकाऱ्याने चौदाव्यांदा बजावलं.

"अरे, कळलं की! मी काय तिच्या पाया पडायला निघालोय?" राष्ट्राध्यक्ष वैतागले.

अधिकाऱ्याचा जीव उगीच टांगणीला लागला नव्हता. राजाला घालवून इथे प्रजासत्ताक आलं, तेव्हा घटनेत पहिलंच कलम पडलं ते असं, की आपला नागरिक कुठल्याही मुकुटापुढे वाकणार नाही. साहेब वाकलेच तर आपण नोकरी सोडू, असं अधिकाऱ्याने संसदेला लेखी दिलं होतं. राजकारणात येण्यापूर्वी साहेबांनी तीस वर्षं पादत्राणांचं दुकान चालवलं, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचा इथे काय संबंध?

दार उघडलं. राणी आली. हस्तांदोलन झालं, अगदी मोजून दोन सेकंद. अधिकारी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच साहेबांची नजर खाली गेली.

"लंगडताय का हो तुम्ही?"

"नवा बूट चावतोय," राणी हळूच म्हणाली.

"मग बोलायचं नाही का!" साहेबांनी पँट गुडघ्याशी चिमटीत धरून वर ओढली आणि एक गुडघा टेकून बसले की खाली! अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं. "नंबर लहान दिलाय बाई तुम्हाला. कोणी गळ्यात मारला हा?"

दालनात छायाचित्रकार दोनच होते, एक आपला, एक राणीचा. दोघांनीही इमानाने बटणं दाबली. अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"साहेब, उठा!" तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"थांब रे, गिऱ्हाईक..." साहेबांनी जीभ चावली. "पाहुण्या उभ्या आहेत. काढा बाई, काढा. इथे परकं कोण आहे?"

राणीने एक बूट काढला. मग दुसराही. गालिच्यावर अनवाणी पाय टेकवून तिने असे डोळे मिटले, की राज्याभिषेकातही एवढं सुख मिळालं नसावं. साहेब अजून गुडघ्यावरच होते; दोन्ही छायाचित्रकारांनी पुन्हा बटणं दाबली.

मंडळी जेवणाच्या दालनाकडे वळली. अधिकारी खांबाला टेकून राजीनाम्याची वाक्यं जुळवू लागला. "प्रकृतीच्या कारणास्तव" इथपर्यंत तो आला असताना शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. राणीचा शिष्टाचारप्रमुख. छातीवर पदकांची रांग, चेहरा चुन्यासारखा.

"तो फोटो दाबता येईल का हो?"

"मी तेच विचारणार होतो. आमचे साहेब गुडघ्यावर..."

"साहेबांचं काय घेऊन बसलात! आमची राणी अनवाणी उभी होती! आमच्यात हरलेला जिंकलेल्यापुढे तसा उभा राहतो. चारशे वर्षांत घडलं नाही हे. आमच्याकडचा फोटो मी मघाशीच पुसून टाकला. आता फक्त तुमचा उरलाय. माझं पद जाईल, घर जाईल. वाचवा, महाराज!"

आणि तो कमरेतून पार जमिनीपर्यंत वाकला.

अधिकाऱ्याने त्याला ताबडतोब उठवायला हवं होतं. घटनेचा भावार्थ तोच होता. त्याने सावकाश हात पाठीमागे बांधले.

"बघू," तो म्हणाला. "विचार करावा लागेल. तुम्ही असेच राहा जरा."