सात नंबरची देगची

शिवलीलाशी लग्न करायचं तर आधी आप्पाजींना जिंकायला हवं, हे अभिजीतला पहिल्याच भेटीत कळून चुकलं होतं. तो पुण्याचा. बंगलोरला मारतहळ्ळीत खोली घेऊन राहायचा आणि शिवलीला ज्या कॉम्प्युटर कंपनीत होती तिथेच प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीला होता. आप्पाजी मूळचे खानापूरकडचे. पलटणीत स्टोअरचे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि के. आर. पुरममध्ये घर बांधून राहिले. त्यांनी अभिजीतला एकच प्रश्न विचारला होता, "तुला येतंय काय रे?" अभिजीत म्हणाला, "कोबॉल." आप्पाजींनी त्यावर पेपर उघडला तो चहा संपेपर्यंत मिटला नाही.

"आप्पांना जुन्या मिलिटरी सामानावरच्या खुणा वाचायचा नाद आहे," शिवलीलाने वाट दाखवली. "बादली द्या, खोरं द्या. कुठली पलटण, कुठलं साल, घडाघडा सांगतात. तसलं काहीतरी आण. समोर शेजारी असले तर जास्तच खुलतात." एवढ्यावर न थांबता तिने वडिलांची खुणांची जुनी वहीही गुपचूप आणून दिली.

अभिजीत शनिवारी चिकपेटचा बाजार पालथा घालून एका बोळातल्या दुकानात पोचला. तिथे लष्कराने लिलावात काढलेलं सामान छतापर्यंत रचलेलं होतं. तंबूचे खुंटे, पाण्याच्या बाटल्या, एकाच पायाचे बूट. त्यातून त्याने एक पितळी देगची निवडली. वरून हिरवा रंग, त्यावर पांढऱ्या रंगात काही आकडे. खोलीवर आणून त्याने रॉकेल आणि काथ्या घेऊन काठाखाली घासलं, तर रंगाखालून ठोकलेल्या खुणा वर आल्या. सरकारी मालाचा बाण, साल, पलटणीचा आकडा, कंपनीचं अक्षर आणि शेवटी भांड्याचा नंबर. अभिजीतने वहीशी ताडून पाहिलं आणि तो खोलीत एकटाच नाचला. पलटण आप्पाजींची, कंपनी आप्पाजींची, आणि नंबर सात!

सात नंबरची देगची कोणाला माहीत नव्हती? सदुसष्ट साली छावणीत पुराचं पाणी शिरलं, आप्पाजींनी छातीभर पाण्यात उडी घेऊन स्टोअरचं सगळं सामान वाचवलं, फक्त सात नंबरची देगची डोळ्यांदेखत वाहून गेली, ही गोष्ट ते दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहून सांगत. ती वाहून गेलेली देगची अठ्ठावीस वर्षांनी जावई घेऊन येतो म्हटल्यावर कुठला सासरा नाही म्हणेल? याच्या पलीकडे अभिजीतने विचार केला नाही. परीक्षेतही तो उत्तर आलं की पेपर देऊन मोकळा होणाऱ्यांपैकी होता.

रविवारी सकाळी देगची मांडीवर घेऊन तो रिक्षाने पोचला. आप्पाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारचे देवाप्पाही होते. ते टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि पुराची गोष्ट सात वर्षं ऐकत आलेले. दर वर्षी पाणी फूटभर चढतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

देगची पाहून आप्पाजींचा चेहरा उजळला. चष्मा चढवून त्यांनी पांढऱ्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "तोफखान्याची हाय. बघ देवाप्पा, हा आकडा तोफखान्याचाच. डोंगरातली तुकडी. पोरगं चांगलं सामान शोधून आणलंय की!"

शिवलीला दारातून हसली. तिथेच थांबायचं, तर अभिजीत म्हणाला, "काका, ते वरचं झालं. खाली अजून आहे."

"खाली काय नाही."

"आहे ना! मी घासून काढलंय. हा बघा बाण, ही तुमची पलटण, ही तुमची कंपनी. आणि हा सात! काका, ही तुमची पुरातली देगची!"

आप्पाजींनी चष्मा काढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अय्यो!" देवाप्पा खुर्चीवरून उठले. "सात नंबर? वाहून गेलेली? अण्णा, मग त्याच्यावर तोफखान्याचा रंग कुणी दिला हो?"

"स्वल्प गप बस की, देवाप्पा."

"नाही, मी विचारतोय. नदीत वाहून गेली म्हणता. तोफखाना काय नदीत होता? आणि एक पोचा नाही हिला, अण्णा. दगडधोंड्यातून आली म्हणावं तर."

  अभिजीतने आप्पाजींकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलोय ते त्याच्या ध्यानात आलं. हा म्हातारा स्टोअरचा हिशेब चोख ठेवणारा म्हणून साऱ्या गल्लीत मानला जायचा, आणि ती अब्रू आता देगचीच्या काठावर लटकत होती. अभिजीतला त्यांची मनापासून कणव आली. शिवलीला गेली तर गेली, पण या माणसाला असं उघडं पडू द्यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

"काका, माफ करा," तो म्हणाला. "ते खालचे आकडे खोटे आहेत. मीच ठोकून घेतले. चिकपेटेत एका तांबटाकडून. तुम्ही खूश व्हाल म्हणून."

"हात्तिच्या!" देवाप्पांनी कपाळावर हात मारला. "फसवाफसवी! अण्णा, असल्या खोटारड्याला लेक देणार तुम्ही?"

शिवलीलाचं तोंड उतरलं. देगची कालपर्यंत कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं. तिला खरंच वाटलं. अभिजीत मान खाली घालून उभा राहिला.

आप्पाजींनी पुन्हा चष्मा चढवला. देगची उचलून उजेडात धरली. ठोकलेला एकेक आकडा नखाने चाचपला. बाण पाहिला, दोन अक्षरांमधलं अंतर बोटाने मोजलं. 

"देवाप्पा," ते म्हणाले, "मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलो. आमच्या पलटणीची खूण इतकी बिनचूक ठोकलेली मी बघितली नव्हतो. बाण सरळ, अंतर बरोबर, सात आमच्याच पद्धतीचा. खुणा शिकून एवढं काम करून घेणारं पोरगं कामाचं हाय. शिवलीला, चहात साखर घाल. लग्नाचं बोलूया."

"सरी, बरं तर, तुमची लेक, तुमची मर्जी," म्हणत देवाप्पा निघाले. त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आप्पाजी जातीने गेले, आणि तिथे पोचल्यावर तोफखान्याबद्दल भलतंच काहीतरी जोरजोरात सांगू लागले.

तेवढ्यात आप्पाजींच्या पत्नी गंगव्वा मागच्या दाराने बाजाराची पिशवी घेऊन आल्या. अंगणात देगची पाहून त्या थबकल्या. काठावरची खूण त्यांनी वाकून पाहिली.

"काकू, ती खोटी..." अभिजीत सुरू झाला.

"गप रे. मला सांगतोस?" त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आवाज बारीक केला. "आमच्या लग्नाला चार दिवस उरले होते. ह्यांना रजा मिळाली होती, पण डोंगरातून खाली यायला गाडी नाही. तोफखान्याचा ट्रक निघाला होता, त्यांच्या लंगरला, स्वयंपाकाला, देगची पाहिजे होती. ही दिली आणि ट्रकात बसून आले. मुहूर्ताच्या आधी एक तास पोचले. मग कागदावर पूर आला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच रात्री सांगितलं. बोलायला दुसरं काय सुचलं नव्हतं त्यांना." गंगव्वा हसल्या. मग त्यांनी पदराने हात पुसले, देगची दोन्ही हातांनी उचलली, फिरवून पाहिली, आणि त्यांचा चेहरा जरासा पडला.

"एवढीशीच होय रे?" त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं मी समजत होते, शंभर माणसांची असेल."