दुसरा ब्रेक

मास्तरीणबाईंनी दारावर पाटी लावायचं ठरवलं, एवढीच काय ती गोष्ट. पण पाटीवर काय लिहायचं हे ठरायला चाळीस वर्षं लागली होती. आधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. यंत्र आलं आणि बाई घरी आली. मग शिवणक्लास काढला, तो तयार कपड्यांनी गिळला. मग दवाखान्यात केसपेपर लिहिले (डॉक्टरांपेक्षा रोग आपल्याला जास्त कळायचे, असं त्यांचं ठाम मत). शेवटी बारा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवली. मास्तरीणबाई हे नाव तिथलंच. आणि आता बासष्टाव्या वर्षी, मोबाइलवर तीन महिन्यांचा कोर्स करून, पाटी झळकली: ‘महिलांसाठी सर्वांगीण जीवन-मार्गदर्शन’.

“सर्वांगीण म्हणजे नक्की काय गं?” यजमानांनी विचारलं.

“तुम्हाला कळत नाही ते सगळं.”

मुलाला मात्र तीच पुढची खोली हवी होती. त्याची ट्रेडमिल आठ दिवस पॅसेजमध्ये खोक्यात उभी होती आणि येणाराजाणारा तिच्यावर कोपर आपटून घेत होता. “आई,” तो म्हणाला, “पाच बायका पुढच्या शनिवारी पुन्हा येतो म्हणाल्या तर खोली तुझी. एक जरी कमी पडली तर ट्रेडमिल आत.”

शनिवारी मोजून पाच आल्या. शेजारची शिक्षिका, वरच्या मजल्यावरची नर्स, घरी केक करून विकणारी एक, नुकतीच निवृत्त झालेली एक, आणि कोपऱ्यात पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली एक अबोल बाई.

“डोळे मिटा,” मास्तरीणबाई कोर्समधल्या मधाळ आवाजात म्हणाल्या. “दीर्घ श्वास घ्या.”

दहाही डोळे मिटले, आणि तिथंच घात झाला. बारा वर्षं ज्या बाईनं शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून काढली, तिच्यासमोर बायकांनी डोळे मिटायचे म्हणजे काय? उजवा पाय आपोआप खाडकन दाबला गेला. टीपॉय उलटला, पाण्याचे पाच ग्लास आडवे झाले.

“डोळे उघडा! समोर कोण आहे बघा!”

पॅसेजमध्ये मुलानं खोक्याची चिकटपट्टी सोलायला घेतल्याचा आवाज तेवढा आला.

“सासूबाई,” नर्स हळूच म्हणाली.

“कुठे?”

“समोर. कायमच. मी ड्यूटीला निघाले की दारात उभ्या.”

मधाळ आवाज गेला तो गेलाच. “मग तुम्ही थांबता कशाला? हॉर्न द्या, वेग कमी करा आणि बाजूनं काढा. चढावर थांबलं की गाडी मागं येते.”

नर्स खुदकन हसली. केकवाली पुढं सरकली. “माझी सुरूच होत नाही हो. दुकान काढू म्हटलं की आमचे हे आधीच नको म्हणतात.”

“शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. लग्नाला किती वर्षं झाली?”

“एकोणीस.”

“एकोणीस वर्षं शिकाऊ? घरी जा आणि सांगा, पाय काढा.”

यावर शिक्षिकेनं टाळीच वाजवली. निवृत्त बाईंनी ओला पदर पिळत पिळत पुढच्या वर्षाचा बेत सांगितला. अबोल बाई वहीत भराभर उतरवून घेत होती. दोन तास कसे गेले कळलं नाही. चिकटपट्टीचा आवाजही केव्हाच थांबला होता.

“पुढच्या शनिवारी कोण कोण येणार?”

चार हात वर झाले. दारातून मुलानं मोजले. “चार,” तो म्हणाला आणि खोक्याला हात घातला.

तेवढ्यात अबोल बाईनं वही मिटली. तिचे डोळे भरून आले होते. “मॅडम, मी दोन क्लास अर्धवट सोडले. इतकं जीव लावून कुणी शिकवलंच नाही. मी येणार.”

“पाच,” मास्तरीणबाई मुलाकडे बघून म्हणाल्या. मान अशी ताठ, की मिरवणूक निघायचीच बाकी.

“हॉर्न समजला, ब्रेक समजला,” बाई चप्पल घालता घालता म्हणाली. “प्रत्यक्ष गाडीत कधी बसवणार? आणि क्लच राहिला.”

मास्तरीणबाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे.

“शनिवारी,” त्या म्हणाल्या, “क्लचच घ्यायचाय.”